ऐकला, दिसला नाही

नाशिकच्या अशोक स्तंभापासून निघणारा गंगापूर रोड गोदावरीच्या दक्षिण अंगाने पश्चिमेकडे जातो आणि गंगापूर धरणाच्या परिसरात पोचतो. या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास शहरातली मोठी महाविद्यालये आहेत. तेथे प्राणिशास्त्र शिकणारी मुलेमुली हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे नेमक्या उलट्या दिशेला, म्हणजे नदीच्या वाहत्या अंगाला, चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वरला जातात. धरणातून सुटलेले पाणी शहरातून वाहत, वाटेत दारणेला घेत जिथे कादवेला भेटते, तिथे ब्रिटिश अमदानीत बांधलेला दगडी बंधारा आहे. बंधाऱ्यामागे शंभर वर्षे गाळ साचला, गाळावर बेटे झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळी माजली आणि पर्जन्यछायेतल्या त्या कोरड्या मुलखात एक विस्तीर्ण पाणथळ उभी राहिली. मुले तिथे पक्षी मोजतात.

अशा काही वह्या आम्ही चाळल्या आहेत. त्यांत जातीचे नाव, संख्या, वेळ, ठिकाण असे रकाने असतात. बहुतेक ओळींत आकडे भरभरून असतात, कारण बदके, वारकरी, शेकाट्या हे पक्षी उघड्या पाण्यावर किंवा काठाच्या चिखलात बसतात आणि दुर्बिणीच्या टप्प्यात येतात. पण एखाद्या वहीत, पानाच्या तळाशी, संख्येच्या रकान्यात आकडा नसून तीन शब्द असतात : ‘ऐकला, दिसला नाही’. पुढे कंसात फटाकडी, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. या तीन शब्दांना एक इतिहास आहे असे आम्हांला वाटते, आणि तो पक्षिशास्त्राच्या रूढ इतिहासापेक्षा थोडा वेगळा आहे.

प्रथम या पक्ष्यांची ओळख. फटाकडी, लाजरी पाणकोंबडी, पाणकोंबडा हे सारे एका कुळातले. त्यांचे शरीर दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखे असते, त्यामुळे दाट कणसांतून पान न हलवता सरकता येते. बोटे लांब असतात, त्यामुळे तरंगत्या वनस्पतीवर भार विभागला जातो. उडण्यापेक्षा पळणे आणि पळण्यापेक्षा स्तब्ध उभे राहणे त्यांना पसंत. गंमत अशी की याच कुळात वारकरीही येतो, ज्याला आपण चांदवा असेही म्हणतो. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. तो नावाप्रमाणेच मेळ्याने, उघड्यावर, हजारोंच्या संख्येने दिसतो. सख्ख्या भावंडांपैकी एकाने दिंडीत चालावे आणि दुसऱ्याने घराच्या माजघरातून बाहेर येऊ नये, तसा हा प्रकार आहे. या चोरट्यांच्या पंगतीत वेगळ्या कुळांतले आणखी काही पक्षी बसतात. चोच आकाशाकडे करून पाणकणसाचेच एक पान बनून जाणारे छोटे बगळे, ज्यांना इंग्रजीत बिटर्न म्हणतात, ते. आणि रंगीत पाणलावा, ज्याची मादी नरापेक्षा देखणी असते आणि अंडी घालून ती नराच्या हवाली करते.

फटाकडी हे नाव या अबोल दिसणाऱ्या पाखराला कसे पडले असावे? आमच्या मते ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी ठेवलेले नाव आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिन्हीसांजेला गवतातून एकाएकी सरसरत फुटणारी तिची शीळवजा किलबिल ज्याने ऐकली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मराठीत असे कानाचे शब्द पुष्कळ आहेत. गवतात दडून सतत बडबडणारा तो वटवट्या, हे त्याचे सोपे उदाहरण. मारुती चितमपल्ली यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पक्षिकोशा’त अशी नावे जमवण्याचे मोठे काम केले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यामागे मराठीत पक्ष्यांवर लिहिणारे अनेक आहेत. रानातल्या माणसांच्या तोंडून शब्द उतरवून घेण्याची त्यांची चिकाटी असलेले थोडे.

आता इतिहासाकडे. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी करणारा माणूस पक्षितज्ज्ञ म्हणून नेमलेला नव्हता. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची आकडेवारी गोळा करण्यासाठी १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याची नेमणूक केली. लोकसंख्या, जमिनी, पिके, बाजारभाव, पाऊस हे सारे त्याने मोजले आणि त्याच ओघात पशुपक्षीही. त्या वेळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. तो झाला १८६९ साली. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात साइक्सची ‘दख्खन’मधील पक्ष्यांची सूची आली. तीत विज्ञानाला नवे असलेले अनेक पक्षी होते. त्यांपैकी एक आपल्या रोजच्या पाहण्यातला : ढोकरी, जिला वंचकही म्हणतात. दुसरा मात्र बहुतेकांनी कधीच न पाहिलेला : तपकिरी फटाकडी.

या दुसऱ्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव आजही साइक्सचेच आहे. प्रजातीचे नाव काळानुसार बदलत गेले, पण जातीचे नाव टिकले, ते म्हणजे ‘अकूल’. शास्त्रीय नावे लॅटिन किंवा ग्रीक असावीत अशी आपली समजूत असते. ‘अकूल’ यांपैकी काही नाही. साइक्स आपल्या पक्ष्यांना इथल्या बोलींतली नावे सर्रास देई. खडकाळ माळावरच्या एका लाव्याला त्याने ‘अरगूंडा’ हे नाव दिले, तेही याच घाटाचे. तेव्हा ‘अकूल’ हा दोनशे वर्षांपूर्वीच्या दख्खनेत कोणीतरी, बहुधा साइक्ससाठी पाखरे धरून आणणाऱ्या एखाद्या माणसाने, उच्चारलेला शब्द असावा असे मानायला आमची हरकत नाही. तो उच्चारणाऱ्याचे नाव सूचीत नाही. शब्द जगभरच्या ग्रंथांत छापला गेला. ज्या मुलखातून तो गेला तिथे तपकिरी फटाकडीला ‘अकूल’ म्हणणारा माणूस आज आमच्या ऐकण्यात नाही.

साइक्सला हा लपणारा पक्षी कसा सापडला, याचे उत्तर सरळ आहे. तो मारून किंवा धरून हाती आला. एकोणिसाव्या शतकातले सारे पक्षिशास्त्र बंदूक, फासा आणि कातडे यांवर उभे होते. पक्षी मारायचा, मोजायचा, त्याच्या पोटात काय आहे ते पाहायचे, कातड्यात पेंढा भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जो पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत झाला, त्याने १८७० च्या दशकात ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक काढून देशभरच्या अधिकाऱ्यांना या कामाला लावले. १८७८ मध्ये त्यात जेम्स डेव्हिडसन आणि वेंडेन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरचा लेख आला आणि पुढे १८८२ मध्ये डेव्हिडसनची पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी. या शिकारी-निरीक्षकांचा पाणथळीशी संबंध मुख्यतः बदके आणि पाणलावे यांच्यामुळे. चिखलातून उठून वाकडीतिकडी झेप घेणारा पाणलावा म्हणजेच स्नाइप टिपणे फार अवघड, म्हणून तो टिपणारा तो ‘स्नायपर’. हा शब्द अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांच्या पत्रव्यवहारातून आला असे शब्दव्युत्पत्तीचे जाणकार सांगतात. एका निरुपद्रवी चिखलपक्ष्याने युद्धशास्त्राला शब्द द्यावा! असो.

या बंदुकीच्या काळाबद्दल आज आपल्याला संकोच वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या काळाने एक गोष्ट शिकवली, तिचे मोल आम्ही कमी मानत नाही. ती म्हणजे पायाला बांधलेली चिठ्ठी. कातडे नुसते सुंदर असून भागत नाही. ते कुठे आणि कधी मिळाले हे लिहिले नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि खोटे लिहिले असेल तर अपाय आहे. याचे विदारक उदाहरण आपल्या शेजारचे, पाणथळीतले नसून सातपुड्याच्या पायथ्याच्या रानातले आहे. वनपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाच दिसले नव्हते. अपवाद एकच : रिचर्ड माइनर्ट्‌झहागन याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचे सांगितलेला एक नमुना. शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबून तिकडे जात राहिले. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तो नमुना मुळात डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला, आणि नवी खोटी चिठ्ठी लावलेला होता. खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ वनपिंगळा प्रत्यक्ष भेटला. एका खोट्या नोंदीने अनेक दशके शोधाची दिशा चुकवली आणि शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका प्रामाणिक नोंदीने ती पुन्हा दाखवली. महाविद्यालयाच्या वहीत ‘वेळ’ आणि ‘ठिकाण’ हे रकाने कंटाळून रिकामे सोडणाऱ्या मुलांना ही कथा अवश्य सांगावी.

बंदुकीच्या आधीही लपलेल्या पाखरांचे ज्ञान होतेच, आणि ते कानाचे होते. मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त एक प्राकृत गाथा उदाहरणादाखल घेतली आहे. नदीकाठच्या वेताच्या जाळीतून पाखरे एकदम उठल्याचा गलबला घरकामात गुंतलेल्या एका सुनेच्या कानी पडतो आणि तिच्या हातापायांतले त्राण जाते, कारण संकेतस्थळी कोणी येऊन पोचले आहे हे तिला त्या आवाजाने कळते. मम्मट तिची चर्चा गुणीभूतव्यंग्यात करतो. सूचित अर्थापेक्षा वाच्य अर्थच अधिक चमत्कृतिपूर्ण, असा त्याचा निवाडा. काव्यशास्त्राचा हा निवाडा आम्ही मान्य करतो, पण आमचे लक्ष दुसरीकडे जाते. ती मुलगी पाहत काहीच नाही. भिंतीआड बसून, आवाजाच्या जातीवरून, जाळीत काय घडले याचे अचूक अनुमान ती करते. पाखरे आपणहून उठली की उठवली गेली, हा भेद तिला ऐकू येतो. या प्राकृत गाथांच्या जगात ‘गोला’ म्हणजे आपली गोदावरी वारंवार येते. त्या काठच्या माणसांना वेतातले आणि लव्हाळ्यातले आवाज वाचता येत होते, एवढे तरी यावरून म्हणता यावे.

हे ज्ञान पुढे ज्यांच्याकडे राहिले त्यांना शास्त्राने उशिरा विचारले. महाराष्ट्रात फासेपारध्यांकडे ते होते आणि बिहारात मीरशिकारांकडे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला तेव्हा पाखरांना इजा न करता धरण्याची कला तिला मीरशिकारांकडून घ्यावी लागली. त्यांतल्या अली हुसेन यांचे नाव पुढे पक्षिशास्त्रज्ञांत आदराने घेतले जाऊ लागले. साइक्सच्या सूचीत न आलेल्या त्या अनामिक माणसाची परंपरा इथे प्रथमच नावानिशी दिसते. आपल्याकडच्या पारध्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य क्वचितच आले. गुन्हेगार जमात म्हणून त्यांच्यावर शिक्का बसला आणि त्यांचे ज्ञान पोलिसी दप्तरापलीकडे सहसा गेले नाही.

नांदूर-मध्यमेश्वरचा लिखित इतिहास या मानाने अलीकडचा. १९८० च्या दशकाच्या आरंभी सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले असे सांगतात. ते वाक्य आता प्रत्येक माहितीफलकावर आणि प्रत्येक बातमीत असते. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची. दरम्यान १९८७ पासून भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली होती. दरवर्षी जानेवारीत, ठरलेल्या पंधरवड्यात, ठरलेल्या जागी, हौशी आणि अभ्यासक मिळून पाणपक्षी मोजतात. विद्यार्थ्यांचा या कामात प्रवेश झाला तो मुख्यतः अशाच गणनांतून. हा उपक्रम मोलाचा आहे. एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे, एकाच वेळी केलेल्या मोजणीतूनच चढउतार कळतात.

तरीही या गणनेने पाणथळीचे जे चित्र तयार झाले ते मोकळ्या पाण्याचे चित्र आहे. जानेवारी हा पाहुण्या बदकांचा महिना. फटाकड्या, पाणकोंबडे यांचा बोलण्याचा हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विणीचा. जानेवारीत ते गप्प असतात. म्हणजे ज्यांना केवळ ऐकूनच ओळखायचे त्यांना आपण नेमके त्यांच्या मौनाच्या महिन्यात मोजायला जातो, आणि मग रकान्यात काही येत नाही. ते काही न येणे ‘नाही’ असे वाचले जाते. बखरींत स्वाऱ्या आणि तह येतात, कुणब्याच्या घरची चूल येत नाही, ही तक्रार आपण इतिहासकारांकडे नेहमी करतो. चूल पेटत नव्हती असा त्याचा अर्थ कोणी काढत नाही. पाणथळीच्या बाबतीत मात्र आपण तो बिनदिक्कत काढतो.

यावरचा उपाय परदेशांत काहीसा आधी सापडला. इंग्लंडात बिटर्न हा मोठा बगळा बोरूच्या बनात इतका दडून राहतो की त्याची गणना नराच्या घुमण्यावरूनच करतात. प्रत्येक नराचा आवाज थोडा निराळा असतो, तो ध्वनिमुद्रणावरून वेगळा ओळखता येतो असे संशोधकांनी दाखवले. १९९७ साली साऱ्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर उरले होते ११. एवढा नेमका आकडा हाती आल्यामुळेच बोरूची बने राखण्याचे, पाण्याची पातळी सांभाळण्याचे काम हाती घेता आले; आज ती संख्या दोनशेंच्या पुढे आहे. अमेरिकेत कोर्टनी कॉनवे यांनी २०११ साली अशा पक्ष्यांच्या नोंदीची एक सर्वमान्य रीत छापली. ठरलेल्या बिंदूवर उभे राहायचे, पहिली पाच मिनिटे नुसते ऐकायचे. मग एकेका जातीसाठी एक मिनिट : अर्धा मिनिट तिचा मुद्रित आवाज वाजवायचा, अर्धा मिनिट गप्प राहून उत्तराची वाट पाहायची. पुढचा बिंदू चारशे मीटरवर, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये.

रीत वाचायला सोपी आहे. नांदूरच्या काठावर ती वापरायची तर आधी बरेच काही शिकावे लागते, आणि हा भाग आम्हांला सर्वांत रंजक वाटतो. लाल फटाकडीची उतरत जाणारी किलबिल टिबुकलीच्या आवाजासारखी असते, आणि टिबुकल्या त्या पाण्यात मुबलक. हिवाळ्यात येणारी छोटी बेलनची फटाकडी बेडकासारखी करकरते. म्हणजे फटाकडी ओळखायची तर आधी बेडूक ओळखले पाहिजेत, आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात बेडकाचे आतडे दाखवीत, त्याचा आवाज कोणी ऐकवीत नसे. रंगीत पाणलाव्याची मादी साद घालते ती रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी. लांब गावातल्या पंपाचा हुंकार म्हणून ती सोडून दिली जाते. लाजरी पाणकोंबडी मात्र पावसाळ्यात रात्ररात्र इतकी ओरडते की तिला लाजरी का म्हणावे असा प्रश्न पडतो. तिच्या कोलाहलात शेजारची हळू आवाजाची जात बुडून जाते. नदीपलीकडच्या लाऊडस्पीकरचे तर बोलायलाच नको.

आवाज वाजवून उत्तर मागण्याच्या रीतीबद्दल आमचे थोडे वेगळे मत आहे. वीण चालू असताना पाखराला पुन्हा पुन्हा खोटा प्रतिस्पर्धी ऐकवणे म्हणजे त्याला घरट्यावरून उठवणे. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय हे करू नये आणि छायाचित्रासाठी मुळीच करू नये. विद्यार्थ्यांनी पहिली पाच मिनिटेच नीट पाळली, आणि तीही एकाच जागी महिनोन्महिने, तरी पुष्कळ हाती येईल. आता साधनेही आहेत. झेनो-कँटो या आवाजांच्या मुक्त संग्रहात २००५ पासून जगभरच्या पक्ष्यांची मुद्रणे जमत आली आहेत. काडेपेटीएवढी स्वस्त मुद्रणयंत्रे पाणकणसात रात्रभर बांधून ठेवता येतात. २०२१ पासून मर्लिनसारखी प्रणाली मोबाइलवर ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. सुचवते, हा शब्द महत्त्वाचा. यंत्राने नाव सांगितले म्हणून वहीतले प्रश्नचिन्ह खोडणारा विद्यार्थी नकळत माइनर्ट्‌झहागनच्या वाटेने पहिले पाऊल टाकतो. आवाजाचे मूळ मुद्रण जपून ठेवले तर पुढच्या अभ्यासकाला ते तपासता येते. ते आजचे कातडे, आणि दिनांक-ठिकाण ही त्याची चिठ्ठी.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न निफाडचा शेतकरी विचारील आणि त्याला तो अधिकार आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गोदाकाठच्या चांदोरी, सायखेडा या गावांत पाणी शिरले. जलपर्णी पुलाला अडकते, बंधाऱ्यामागचा गाळ पाण्याला जागा ठेवत नाही, तेव्हा गाळ काढा, झाडोरा साफ करा ही मागणी होते. ती अन्यायाची नाही. ज्याच्या घरात गुडघाभर चिखल आला त्याला पाणकणसाचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे आहे. पण गाळ कुठला काढायचा, कणसांचे कोणते बेट ठेवायचे, काम पावसाळ्याच्या किती आधी उरकायचे, धरणांतून आवर्तन सोडताना पाण्याची पातळी किती झपाट्याने बदलू द्यायची, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरे देताना टेबलावर कागद येतात. बदकांचे कागद आहेत, रोहितांचे आहेत. फटाकडीचा कागद नाही, आणि ती राहते ती नेमकी त्याच कणसांत, जी ‘साफ’ करायची आहेत. पाण्यावरचे तिचे घरटे एका आवर्तनाने वाहून गेले तरी कुठल्याच रकान्यातला आकडा त्यामुळे कमी होणार नाही.

देशपातळीवरही चित्र फार निराळे नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाने हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून ९४२ जातींचा विचार केला. त्यांपैकी दीर्घकालीन कल ठरवण्याइतका पुरावा ३३८ जातींबाबतच मिळाला, आणि त्यांतल्या ६० टक्के घटत चाललेल्या निघाल्या. उरलेल्या सहाशेंहून अधिक जातींबद्दल वाढ की घट हे सांगता येत नाही. ज्यांना पाहणेच दुर्मिळ, त्यांची बाजू या दुसऱ्या गटात किती सहज जाते हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी ‘अमुक बिंदूवर, जुलैच्या अमुक पहाटे, पाच मिनिटे ऐकले, काही ऐकू आले नाही’ ही नोंदही मोलाची असते. ऐकायला कोणी गेलेच नव्हते आणि गेले होते पण ऐकू आले नाही, या दोन शून्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. विद्यार्थ्यांना दुसऱ्या प्रकारचे शून्य लिहायची लाज वाटते, कारण प्रकल्पाला गुण आकड्यांवर मिळतात. परीक्षकांनी हे मनावर घेतले तर बरे होईल.

आणि वह्यांचे पुढे काय होते? ह्यूमने हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरच्या महाग्रंथासाठी वर्षानुवर्षे जमवलेली हस्तलिखिते, तो शिमल्याच्या घरी नसताना, १८८४ च्या सुमारास नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकली. त्या धक्क्यातून तो सावरला नाही. पुढच्याच वर्षी त्याने आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी उरली, टिपणे गेली. आपल्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाचे क्षेत्रकार्याचे प्रकल्प प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात दोन-तीन वर्षे राहतात आणि नवी तुकडी आली की जागेसाठी बाहेर जातात. त्यासाठी कोणा एका संस्थेला दोष द्यावा असे नाही, सर्वत्र हेच चालते. त्यांतले बरेचसे एकमेकांवरून उतरवलेले असतात हेही आम्ही जाणतो. पण एखाद्यात ती तळाची ओळ असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नाशिकच्या महाविद्यालयांनी नांदूरच्या पाणथळीच्या नोंदवह्यांना ग्रंथालयात दाखल क्रमांक द्यावा, ध्वनिमुद्रणांची एक प्रत त्याच क्रमांकाने ठेवावी, आणि दरवर्षीच्या नव्या तुकडीला जूनमध्ये, पहिला पाऊस पडून काठाचा रस्ता चिखलाने बंद व्हायच्या आत, आदल्या वर्षीच्याच बिंदूंवर उभे करावे. जानेवारीतल्या गणनेला गाड्या भरून माणसे येतात. जूनच्या तिन्हीसांजेला चार जण पुरतात, आणि त्यांतल्या एकाला टिबुकलीचा आवाज पक्का माहीत हवा.